घरातली जन्मजात काउन्सेलर

"मॅडम, सायकॉलॉजीला स्कोप आहे का?"

मी ठाण्यात समुपदेशन करते, आणि हा फोन मला पाठ झालाय. निकालांच्या दिवसांत आठवड्याला चार-पाच वेळा येतो, एरवी महिन्यातून दोन-तीनदा. 'स्कोप' हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात पगार बसतो, लग्नाचं बसतं, नातेवाईकांना काय सांगायचं तेही बसतं. त्यामुळे फोनवर मी हो किंवा नाही म्हणत नाही. 'भेटायला या' म्हणते.

गेल्या दिवाळीनंतर कळव्याहून असेच तिघं आले. केतकी (नाव खरं नाही, बऱ्याच खुणाही बदलल्या आहेत) ठाण्यातल्या एका कॉलेजात टी.वाय.बी.ए.ला, विषय मानसशास्त्र. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर. आई घरी शिवणकाम करते. वडिलांनी टेबलावर प्लास्टिकची फाइल ठेवली. बालवाडीच्या प्रगतिपुस्तकापासून एस.वाय.च्या मार्कशीटपर्यंत सगळं तारीखवार लावलेलं. सगळ्यात वर एक रंगीत पावती होती.

"आमच्या लहानपणी कोणी येड्यासारखं वागलं की म्हणायचे, याला ठाण्याला नेऊन सोडा," ते हसत म्हणाले. "आता आमची पोरगी स्वतःच्या पायांनी निघालीय."

मीही हसले. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. सव्वाशे वर्षं या शहराच्या नावावर हा विनोद चालतोय आणि इथे प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येकाने तो शंभरदा ऐकलाय. केतकीची आजी तर नातेवाइकांना सांगून मोकळी झाली होती, आमची केतकी वेड्यांची डॉक्टर होणार.

पावती होती एका ऑनलाइन डिप्लोमाची. तीन महिन्यांचा कोर्स, शेवटी 'प्रमाणित समुपदेशक' असं सोनेरी अक्षरांत प्रमाणपत्र, घरबसल्या प्रॅक्टिस सुरू. बारा हजारांचा पहिला हप्ता भरून झाला होता. वडिलांचा हिशोब सरळ होता: टी.वाय. संपेपर्यंत हाही संपेल, जूनपासून मुलगी कमावती. नाही जमलं तर बँकेच्या परीक्षा आहेतच. केतकीला मात्र एम.ए. करायचं होतं आणि ते वडिलांना वेळ काढणं वाटत होतं.

मी कागद घेतला आणि समजावायला लागले. ते सगळं इथेही सांगते, कारण अनेकांना तेच हवं असतं.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट. तो एम.बी.बी.एस. होऊन पुढे त्यात एम.डी. करतो आणि औषधं लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाही. त्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे नाव कुणीही पाटीवर लावायचं नसतं. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आर.सी.आय.ने, मान्यता दिलेलं शिक्षण लागतं आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. परिषद १९९२ च्या कायद्याने उभी राहिली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या याच परिषदेच्या मान्यतेशी बांधलेली आहे. आजवरचा रस्ता असा होता: बी.ए., मग दोन वर्षं एम.ए., मग मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचं एम.फिल., त्यातला बराच वेळ थेट रुग्णांसोबत. ते एम.फिल. आता बंद होत चाललंय, त्याच्या जागी परिषदेने नवे अभ्यासक्रम आणलेत. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगते, कुठल्याही संस्थेची फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव, तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष, तिन्ही जुळवून पाहा. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर, हा शब्द मात्र बरीच वर्षं मोकाट होता. एम.ए. केलेलाही समुपदेशक आणि आठवड्याची कार्यशाळा केलेलाही. २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा कायदा आला, त्यात समुपदेशनाचं क्षेत्रही घेतलं गेलं. हळूहळू इथेही शिस्त लागेल. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन चालवायलाही मनाई केली. मला त्याचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मुलं मोठी झाल्यावर मुक्त विद्यापीठातून एम.ए. करून उत्तम काम करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण माणसाच्या समोर बसायचं काम माणसासमोर बसूनच शिकावं लागतं, हेही खरं.

मग एम.ए. कुठून, तर मुंबई विद्यापीठ आहे, देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. तिथे जागा मोजक्या आणि स्पर्धा भरपूर. कामं कुठे, तर शाळांमध्ये (सीबीएसईच्या नियमांत शाळेत समुपदेशक असण्याची अट आहे), रुग्णालयांत, विशेष मुलांच्या केंद्रांत, कंपन्यांत, हेल्पलाइनवर. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या जागेसाठी मात्र समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी मागतात, मानसशास्त्राची नाही. हे खूप जणांना एम.ए. झाल्यावर कळतं.

"म्हणजे अजून दोन वर्षं. आणि क्लिनिकल म्हटलं तर चार," वडील म्हणाले. "पोरगी पंचवीसची होईल."

"ती पंचवीसची होणारच आहे," मी म्हटलं.

पैशाचंही त्यांनी विचारलं. मी माझंच सांगितलं. २००३ साली एका शाळेत अर्धवेळ लागले तेव्हा महिन्याला साडेतीन हजार मिळायचे आणि बसायला स्पोर्ट्स रूम होती, शेजारी लेझीम आणि हवा गेलेले फुटबॉल. पहिली चार-पाच वर्षं घरच्यांचा आधार लागतो. या व्यवसायात चाळिशीतला माणूस पंचविशीतल्यापेक्षा पुष्कळ कमावतो, पण त्या चाळिशीपर्यंत पोचावं लागतं.

तासाभराने तिघं उठले. वडिलांनी माझा तो बाणांनी भरलेला कागद घडी करून फाइलमध्ये घातला. मला वाटलं, छान झालं.

छान काही झालं नव्हतं. त्या तासाभरात आई एकदाच बोलली होती, पाणी मागायला. आणि वडील जेव्हा जेव्हा आईबद्दल काही म्हणायचे, तेव्हा दोघांच्याही आधी केतकी बोलायची. "आईला म्हणायचंय की…" "बाबांचा अर्थ तसा नव्हता…" हे मी पाहिलं होतं. वीस वर्षांच्या सवयीने पाहिलं आणि डिग्र्यांचे बाण काढण्याच्या नादात सोडून दिलं. माहिती द्यायला लागलं की समुपदेशकाला फार सुरक्षित वाटतं. समोरचाही खूश असतो.

दहा-बारा दिवसांनी केतकी एकटी आली. डोळ्यांखाली काळं. म्हणाली, "मॅडम, मी करू शकेन का हे काम? बाबा म्हणतात, तू फार हळवी आहेस, लोकांचं ऐकून ऐकून तूच आजारी पडशील."

हा प्रश्न 'स्कोप'च्या पाठोपाठ येतो, बहुतेक वेळा मुलींकडूनच. मी तिला उत्तर दिलं नाही. विचारलं, "झोप का झाली नाही?"

"आईने दीड वाजता उठवलं होतं."

आईला झोप येत नव्हती म्हणून. आईला झोप येत नाही कारण दोन वर्षांपूर्वी वडिलांनी आईला न विचारता धाकट्या काकाला पैसे दिले, ते परत आले नाहीत. तेव्हापासून दोघं कामापुरतं बोलतात, आणि उरलेलं केतकीशी. रात्री आई, सकाळी कॉलेजला सोडताना कळव्याच्या पुलावर स्कूटरवर वडील. दुपारी आजी, कारण आजीला धाकट्याचीही काळजी आहे. कोणाचं काय कोणाला सांगायचं नाही, याचं वेळापत्रक केतकीच्या डोक्यात पक्कं. आठवीपासून हे चालू होतं. पैशाचं प्रकरण फक्त ताजं.

"आमच्याकडे सगळे म्हणतात, केतकी जन्मजात काउन्सेलर आहे," ती म्हणाली. यात अभिमानही होता, तो मला दिसला.

"शेवटचं कुणाला कधी म्हणालीस, आत्ता नको, मला झोपायचंय?"

ती बराच वेळ आठवत राहिली. बाहेर गोखले रोडवर नेहमीची भोंग्यांची जुगलबंदी चालू होती. तिला एकही प्रसंग आठवला नाही.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींत केतक्या पुष्कळ असतात. घरातल्या भांडणात मधे उभं राहून मोठी झालेली मुलं. त्यांचे कान तयार असतात, चेहरा वाचता येतो, पण उठून जाता येत नाही. मी स्वतः त्यातलीच. माझ्या सुपरव्हिजनच्या, म्हणजे अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली काम करण्याच्या, पहिल्या वर्षात माझ्या बाईंनी दर भेटीत मला एकच विचारलं, सेशन पन्नास मिनिटांवर का थांबवलं नाहीस? मला दरवेळी कारण सापडायचं. क्लायंट रडत होती. पाऊस होता. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळलं की थांबवायची मलाच भीती वाटते.

तर केतकीला मी म्हटलं, एम.ए.चा फॉर्म भर, तो भरायला काही अडत नाही. त्याखेरीज दोन गोष्टी कर. घरी ऐकण्याची वेळ ठरव. आईला सांग, रात्री नाही, रोज संध्याकाळी सात ते साडेसात, दार लावून बसू. आणि बाबांचं आईला, आईचं बाबांना पोचवणं बंद. दुसरं, शनिवारी कुठेतरी काम कर, जिथे तुझं नातं नाही.

पहिली गोष्ट चांगलीच अंगाशी आली. आई दोन दिवस बोलली नाही. "शिकून शहाणी झाली, आता आईला टाइम देते," असं आजीजवळ म्हणाली. केतकी रडत फोन करून म्हणाली, मी चुकले का. मी तिला धीर दिला, पण त्या रात्री मलाही बरं वाटलं नाही. घरात एकीने जागा सोडली की पोकळी पडते, आणि ती कोण भरणार हे मी त्यांच्याशी न बोलता ठरवून टाकलं होतं. आईला मी एकदा तरी वेगळं बोलवायला हवं होतं.

दुसरी गोष्ट मात्र मी कल्पनाही केली नव्हती अशी निघाली. नवी मुंबईतल्या विशेष मुलांच्या एका केंद्रात ती शनिवारी मदतीला जायला लागली. खुर्च्या लावायच्या, मुलांना स्वच्छतागृहात न्यायचं, फायली काढून द्यायच्या. तिथल्या मानसशास्त्रज्ञ मुलांच्या चाचण्या घ्यायच्या तेव्हा कोपऱ्यात बसून बघायची परवानगी तिला मिळाली. महिन्याभराने आली ती बिने-कामत या बुद्धिमापन चाचणीबद्दलच बोलत होती. बिनेची परदेशी चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवून घेतली, ती अजून वापरात आहे. केतकीला सगळ्यात काय आवडलं, तर चाचणीला सुरुवात आणि शेवट असतो.

"मॅडम, मुलगा दहा मिनिटं रडला. ताई काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या बसल्या. मग म्हणाल्या, झालं? चल, आता हे मणी ओवू. आणि तो ओवायला लागला!" तिने हे मला हाताने करून दाखवलं. "मी असती तर त्याला कुशीत घेऊन बसले असते आणि टेस्टच झाली नसती."

"आणि घरी गेल्यावर तो मुलगा आठवला?"

ती थांबली. "ट्रेनमध्ये आठवला. मग ठाणं आलं."

हळवेपणाचा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

डिप्लोमाचे बारा हजार परत मिळाले नाहीत. वडिलांनी चार ईमेल, दहा फोन केले. शेवटी म्हणाले, जाऊ दे, शिकवणीची फी समजायची. टी.वाय.च्या परीक्षेनंतर केतकीने एम.ए.साठी अर्ज केले. क्लिनिकल की शाळेतलं काम की विशेष मुलं, हे तिचं अजून ठरायचंय, आणि आत्ताच ठरवू नकोस असं मीच तिला बजावलंय.

त्या निमित्ताने फाइल घेऊन वडील पुन्हा आले होते. केतकी खाली स्कूटर काढायला गेली, तेव्हा ते दारात घुटमळले.

"मॅडम, एक विचारू का? नवरा-बायकोचंही बघता ना तुम्ही?"

"बघते."

"मग केतकीला सांगतो, आईला विचारून ठेव म्हणून, कधी जमेल ते."

"केतकीला नको," मी म्हटलं. "तुम्हीच विचारा."

त्यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "ती नाही म्हणाली तर?"

"तर ते तुम्हाला ऐकू येईल."

खालून हॉर्न वाजला. "बघतो," म्हणाले आणि जिना उतरले. त्याला आता तीन आठवडे झाले. अजून फोन आलेला नाही.