कोण कुणाशी भिडावं? बॉक्सिंगच्या चाहत्यांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये बॉक्सिंगबद्दलची पत्रं बरीच होती, आणि बहुतेकांना एकच जाणून घ्यायचं होतं: अमक्याची तमक्याशी लढत व्हावी का? लढत जुळवताना नावाआधी पाय, वजन आणि वेळ बघावी असं आमचं ठाम मत आहे. पुढची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : उसिकने फ्युरीला पहिल्या लढतीत खरंच हरवलं का? मला ती बरोबरी वाटली. घरी बसून गुण कसे द्यावेत? (कोल्हापूर)

तुमची शंका रास्त आहे. हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड गटातल्या युक्रेनच्या उसिक आणि ब्रिटनच्या फ्युरीच्या या लढतीत, १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये, दोन पंचांनी ११५-११२ आणि ११४-११३ असे उसिकला जिंकवलं, तिसऱ्याने ११४-११३ असे फ्युरीला. सगळा निकाल नवव्या फेरीवर उभा आहे. उसिकच्या डाव्या हाताने फ्युरी हेलपाटला आणि एका बाजूच्या दोरांवरून दुसऱ्या बाजूला फेकला गेला. तो खाली पडला नाही, पण त्याला उभं धरलं होतं दोरांनी. अशा वेळी रेफरी मोजणी सुरू करतो आणि ते पाडल्यासारखंच धरलं जातं, म्हणून ती फेरी १०-८. तोच एक गुण फ्युरीला परत देऊन बघा: पहिल्या पंचाचा गुणांचा कागद ११५-११३ उसिक, दुसरा ११४-११४, तिसरा ११५-११३ फ्युरी. म्हणजे बरोबरी! रेफरीने मोजणी केली ते नियमाला धरूनच होतं, त्यामुळे निकाल आम्हाला मान्य आहे. २१ डिसेंबरच्या दुसऱ्या लढतीत तिन्ही पंचांनी ११६-११२ दिले आणि वादाला जागा उरली नाही.

त्या दुसऱ्या लढतीच्या वजनकाट्यावर फ्युरी २८१ पाउंड होता, उसिक २२६. पंचवीस किलोंचा फरक. तो भरून निघाला पायांनी. उसिक डावखुरा, त्यामुळे त्याचा उजवा पाय पुढे असतो, समोरच्याचा डावा. हे दोन पाय एकमेकांना भिडतात, आणि ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो त्याचं पारडं जड. उसिकचा पाय बाहेर गेला की त्याचा डावा हात सरळ हनुवटीच्या रेषेत येतो, आणि समोरच्याच्या उजव्या हाताला निशाणा शोधत वळावं लागतं. जोडीला पोटावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. पोट वाचवायला कोपर खाली आलं की डोकं उघडं पडतं. पुन्हा लढत बघाल तेव्हा दोन फेऱ्या फक्त पाय बघा, ग्लोव्ह्‌जकडे लक्षच देऊ नका.

घरी गुण देताना आधी आवाज बंद करा. समालोचक आणि प्रेक्षक दोघेही तुमचा हात ओढतात. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. पाडलं तर ८. बघायचं चार गोष्टींकडे: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणाम करणारी चढाई, रिंगवरचा ताबा आणि बचाव. यात स्वच्छ ठोसे सर्वांत वजनदार. ग्लोव्हवर किंवा दंडावर झेललेला ठोसा धरू नका. नवखे प्रेक्षक इथेच फसतात, कारण त्याचा आवाज मोठा येतो. नुसतं पुढे चालत जाऊन हवेत हात मारणाऱ्यालाही काही मिळत नाही. मधल्या एका मिनिटात आकडा लिहून टाका आणि मागाहून खोडू नका. शेवटी ताळा करा: बारा फेऱ्यांत कुणीच पडलं नसेल आणि एकही फेरी १०-१० दिली नसेल, तर दोघांची बेरीज २२८ यायला हवी. पाडल्यामुळे दिलेल्या प्रत्येक १०-८ मागे त्यातून एक वजा.

प्रश्न : बिवोल आणि बेतेरबिएव तिसऱ्यांदा लढावेत का? की आता बिवोलसमोर बेनाविडेझ हवा? (नाशिक)

आधी तिसरी लढत. दोघे लाइट हेवीवेट (१७५ पाउंड) गटातले. १२ ऑक्टोबर २०२४ ला बेतेरबिएव जिंकला, २२ फेब्रुवारी २०२५ ला बिवोल, आणि दोन्ही वेळा पंचांचे कागद अगदी तेच: ११४-११४, ११५-११३, ११६-११२. चोवीस फेऱ्यांत दोघांपैकी कुणीही खाली पडलं नाही. बिवोलशी गाठ पडण्याआधी बेतेरबिएवने वीसच्या वीस लढती नॉकआउटने जिंकल्या होत्या, हे लक्षात घेतलं की बिवोलच्या बचावाची किंमत कळते.

पहिल्या लढतीत बिवोल शेवटच्या फेऱ्यांत दोन्ही हात वर घेऊन ठोसे झेलत राहिला. ठोसे हातावर बसत होते, पण उलट उत्तर जात नव्हतं, म्हणून फेऱ्या हातातून गेल्या. दुसऱ्या लढतीत त्याने झेलल्यावर लगेच तीन-चार ठोसे सोडून बाजूला सरकायचं धोरण ठेवलं. तिसऱ्या लढतीत बेतेरबिएवला ही सरकण्याची वाट अडवावी लागेल: मागे मागे न धावता तिरकं पाऊल टाकून कोपरा बंद करायचा आणि डोक्याआधी बरगड्यांवर मारायचं. पण त्याचा जन्म जानेवारी १९८५ चा. एकेक महिना त्याच्या विरोधात जातो. बेनाविडेझ १९९६ चा आहे, तो थांबू शकतो.

प्रश्न : क्रॉफर्ड चौदा पाउंड वर चढून कनेलोला हरवू शकतो, तर बॅम रॉड्रिगेझने सात पाउंड चढून इनोएला का भिडू नये? (ठाणे)

आकड्यांनी बघितलं तर तुमचा मुद्दा बिनतोड आहे. क्रॉफर्डचं १५४ पाउंडांवरून १६८ म्हणजे नऊ टक्के वाढ, बॅमचं ११५ वरून इनोएच्या १२२ वर म्हणजे सहा. तरीही आमचं उत्तर आहे, थेट उडी नको.

क्रॉफर्डने १३ सप्टेंबर २०२५ च्या त्या लढतीआधी तेरा महिने एकही लढत घेतली नव्हती. शरीर भरायला तेवढा वेळ मिळाला. शिवाय समोरचा कनेलो पस्तिशीचा आणि फेरीत मोजकेच ठोसे टाकणारा. मध्ये श्वास घ्यायला फट मिळते. इनोए तशी फट देत नाही.

दुसरी गोष्ट काट्याची. वजन आदल्या दिवशी होतं. त्या गटात मुरलेला बॉक्सर पाणी काढून काट्यावर उतरतो आणि घंटेपर्यंत ते बरंचसं परत भरतो. खालून आलेल्याला काढायलाच काही नसतं, म्हणून तो काट्यावर जेवढा, रिंगमध्ये जवळपास तेवढाच. कागदावर दोघे १२२, प्रत्यक्षात मोठा फरक. घाईने वजन चढवलं तर हात जड होतात आणि सहाव्या-सातव्या फेरीत दम सुटतो. बॅमचं सगळं भांडवल तर वेगातच आहे.

इनोएचं उदाहरणच घ्या. २०१४ मध्ये त्याचा पहिला जागतिक पट्टा, म्हणजे जगज्जेतेपद, १०८ पाउंडांचा. त्याच वर्षाअखेरीस ११५, २०१८ मध्ये ११८, २०२३ मध्ये १२२. चौदा पाउंडांना नऊ वर्षं. बॅमने नोव्हेंबर २०२५ मध्ये ११५ वर तिसऱ्या संघटनेचा पट्टा मिळवला. ११८ वर दोन-तीन दमदार लढती झाल्या की मग खुशाल बोलणी करावीत. तेव्हा मात्र ही लढत आम्हाला मनापासून हवी आहे. इनोएला नेरीने २०२४ मध्ये आणि कार्डेनासने २०२५ मध्ये पाडलं, दोन्ही वेळा डाव्या हूकवर (बाजूने वळवून मारलेल्या ठोशावर), इनोए स्वतः ठोसा टाकत असताना. बॅम डावखुरा आहे, आणि मारून झाल्यावर त्याच जागी उभा राहत नाही.

प्रश्न : केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांची चौथी लढत व्हावी का? (पणजी)

नको. तिन्ही टेलरने जिंकल्या. शेवटची ११ जुलै २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये. चौथीतून नवीन काही कळणार नाही. महिलांच्या फेऱ्या दोनऐवजी तीन मिनिटांच्या व्हाव्यात, या सेरानोच्या मागणीला मात्र आमचा पूर्ण पाठिंबा. दोन मिनिटांत थकलेल्या प्रतिस्पर्ध्याला घेरेपर्यंत घंटा वाजते.

प्रश्न : निशांत देवने पॅरिसचा वचपा मार्को वेर्देवर काढावा असं वाटतं. तो व्यावसायिक झालाय, मग उशीर कशाला? (पुणे)

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७१ किलो गटाच्या उपांत्यपूर्व फेरीत निशांत मेक्सिकोच्या वेर्देकडून पंचांच्या १-४ कौलाने हरला तेव्हा आपल्याकडे सगळ्यांनाच चुटपुट लागली. पहिली फेरी त्याची होती, शेवटची वेर्देची. दम कुठे कमी पडला ते तिथेच दिसतं, आणि व्यावसायिक बॉक्सिंग नेमकं तेच मागतं. तिथे तीन फेऱ्यांचं गणित संपतं. सुरुवात चार-सहा फेऱ्यांनी होते आणि जागतिक पट्ट्यासाठी बारा. हौशी गटात त्याचे ग्लोव्ह १२ औंसांचे होते, १५४ पाउंडांत ते १० औंसांचे. पातळ गादीतून तोच ठोसा जास्त लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासला त्याने पहिली लढत पहिल्याच फेरीत संपवली. अशा विजयांनी नाव होतं, शिकणं फारसं होत नाही. त्याला हवेत चिवट, न पडणारे, पोटावर मारणारे प्रतिस्पर्धी, आठ-आठ फेऱ्या खेचणारे. आणि लढतींमध्ये तीन-चार महिन्यांहून मोठा खंड नको. विजेंदर सिंगचं उदाहरण तुमच्या जवळचंच आहे. सलग बारा लढती जिंकलेला विजेंदर नोव्हेंबर २०१९ नंतर सोळा महिने रिंगबाहेर होता. मार्च २०२१ मध्ये पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर उभारलेल्या रिंगमध्ये तो उंचापुऱ्या अर्तिश लोपसानसमोर उतरला आणि पाचव्या फेरीत थांबवला गेला. खंडाने आधी अंतराचा अंदाज जातो. उंच माणसासमोर तोच नसेल तर जॅब पोचत नाही आणि आत शिरताना ठोसा बसतो.

वेर्देही २०२५ मध्येच व्यावसायिक झाला. दोघांच्या पंधरा-पंधरा लढती होऊ द्याव्यात, त्यांत किमान दोन पूर्ण दहा फेऱ्यांच्या. मग वजनाचा गट ठरवून ही लढत दहा फेऱ्यांचीच ठेवावी.