सुईचा गुण की खोट्या सुईचा?

प्रश्न : रजोनिवृत्तीतल्या हॉट फ्लॅशेसवर (अंगात अचानक येणाऱ्या उष्णतेच्या लाटांवर) अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी का?

उत्तर : तुलना कशाशी केली, ते आधी बघा. २०१६च्या अमेरिकेतल्या चाचणीत २०९ स्त्रिया होत्या. एका गटाला सहा महिन्यांत सुया टोचण्याच्या जास्तीत जास्त २० बैठका, दुसऱ्याला उपचाराविना नुसती प्रतीक्षा. पहिल्या गटात फ्लॅशेस ३६.७ टक्के घटले, दुसऱ्यात ६ टक्के वाढले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ३२७ स्त्रियांवर आठ आठवड्यांत १० बैठका झाल्या, पण तुलना खोट्या सुईशी होती. ही बोथट सुई टेकवली की वर स्वतःच्याच दांड्यात सरकते, कातडी भेदत नाही. त्रास दोन्ही गटांत सुमारे ४० टक्के घटला.

म्हणजे प्रतीक्षेशी तुलना केली की विश्रांती, विचारपूस, अपेक्षा यांचा परिणामही सुईच्या खात्यात जमा होतो. मात्र बोथट सुईचाही त्वचेवर दाब पडतो, त्यामुळे ती पूर्ण निष्क्रिय मानू नये. माझ्या मते तीन गट हवेत : खरी सुई, खोटी सुई, प्रतीक्षा.

नोंदवहीत रोजचे फ्लॅशेस तीव्रतेनुसार लिहून घ्यावेत (सौम्य १, मध्यम २, तीव्र ३, अतितीव्र ४) आणि बेरीज करावी. उपचारकाला सुई कोणती ते कळतंच. म्हणून त्याचं बोलणं ठरवून द्यावं, आणि कोणती सुई मिळाली असं वाटतं, हे शेवटी प्रत्येकीला विचारावं.