याद्यांना एवढी माणसं कशाला?

रॉटरडॅम,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय इरा,

तुझा मेसेज पोचला. "प्राजूताईच्या याद्यांना हॉलभर माणसं आली, चहाचे कप कमी पडले. कार्यालयाचे पैसे काका देणार, जेवणाचे तिचे सासरे देणार. मग ज्याचे पैसे त्यानं ठरवावं ना? मराठी लोकांना प्रत्येक गोष्टीला एवढी माणसं कशाला लागतात?" आणि खाली ताजा कलम: "आजोबांना विचारलं तर म्हणाले, असं एकट्यानं ठरवणारा एकच, तो ट्रंप. मग दिवसभर चिडलेले होते."

आजोबा राजकारणावर बोलतात त्यात निम्मं खरं असतं आणि निम्मा नुसता आवाज. पण या वेळी त्यांनी तुझ्या प्रश्नाला बरोबर ठिकाणी नेऊन जोडलंय, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी याद्यांचं. कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू, वर श्री गणेशाय नमः, एकीकडे वधूपक्ष, दुसरीकडे वरपक्ष. कार्यालय कुणाकडे, पंगत कुणाकडे, वऱ्हाड किती, मानाच्या साड्या किती. दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या, खाली मध्यस्थाची सही, मग पेढे. हॉलभर बसलेल्या मंडळींना यात फारसं मत नसतं. त्यांनी ऐकायचं आणि लक्षात ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. लग्न आठ दिवसांवर आलं आणि एकानं "अजून शंभर माणसं वाढतील" म्हणून फोन केला, तर "असं ठरलं नव्हतं" म्हणणारी चार तोंडं हवीत. आपल्याकडे बहुतेक वेळा मुलीकडची बाजू पडती. त्यांना एकट्यानं भांडता येत नाही, लेक द्यायची असते. जबर बाजूला या कागदाची गरज नसतेच, ती कागदाशिवायही हवं ते करून घेते. तेव्हा "ज्याचे पैसे त्यानं ठरवावं" हे ऐकायला सरळ वाटतं खरं, पण ते कुणाच्या सोयीचं आहे ते बघ.

आता आजोबा का चिडले ते. सोलापूरचं नाव चादरीनं झालं, पण परदेशी जातो तो मुख्यतः टॉवेल. आजोबांच्या सकाळच्या फिरायच्या कंपनीत अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग असलेले दोघे-तिघे आहेत, त्यामुळे घरात सध्या दुसरा विषय नसणार. ७ ऑगस्टपासून अमेरिकेनं भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५. दुसऱ्या पंचवीसचं कारण दिलं की भारत रशियाचं तेल घेतो. चीन ते तेल आपल्यापेक्षा जास्त घेतो, त्याला या कारणानं काही लावलं नाही. तेल घ्यायचं ठरवलं दिल्लीनं आणि रिफायनऱ्यांनी. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बाईला ना तेल घेताना कुणी विचारलं, ना शुल्क लावताना.

इथे एक दुरुस्ती. "आपल्याला पन्नास टक्के भरावे लागतात" असं आजोबा म्हणत असतील तर ते चूक आहे. शुल्क अमेरिकेतला आयातदार भरतो. पण तो मग हिशेब करतो: पाकिस्तानी टॉवेलवर जादा शुल्क १९ टक्के, तुर्की टॉवेलवर १५, आपल्यावर ५०. मी इथे मालाच्या कागदपत्रांचंच काम करते, त्यामुळे हे रोज बघते. ऑर्डर दुसऱ्या देशात वळायला भांडण-बिंडण लागत नाही, दोन ओळींचा ई-मेल पुरतो. आणि मग सोलापुरात एक पाळी कमी होते.

असं कुणी उठून करू नये म्हणून याद्या झालेल्या होत्या. १९४७च्या ऑक्टोबरात जिनिव्हात २३ देशांनी गॅट नावाचा, आयात शुल्क आणि व्यापाराचा करार केला. आपल्याला स्वातंत्र्य मिळून तीन महिनेही झाले नव्हते, तरी भारत त्या २३ मध्ये होता. पहिलंच कलम असं की एका सदस्याला जी सवलत द्याल ती सगळ्यांना द्या. शिवाय शुल्काची जी कमाल मर्यादा लिहून दिली तिच्यावर जायचं नाही. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्याबरोबर मध्यस्थही आला: सात जणांचं अपील मंडळ, एकेका खटल्याला त्यातले तिघे. तिथल्या नेमणुका अमेरिकेनं अडवायला सुरुवात केली ती ओबामांच्या काळात. ट्रंप यांनी त्या पुऱ्या बंद पाडल्या आणि बायडेन यांनीही पुन्हा सुरू केल्या नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये मंडळात तिघेसुद्धा उरले नाहीत. कागद आहे, सह्या आहेत, मध्यस्थाची जागा रिकामी. म्हणून सगळं एका माणसाच्या स्वभावावर ढकलणं मला पटत नाही. आजोबांना सोपं जातं तसं.

गंमत म्हणजे या शुल्काविरुद्ध कोर्टात गेल्या त्या अमेरिकेतल्याच लहान कंपन्या, कुणी खेळणी बनवणारी, कुणी वाइन मागवणारी. या महिन्याच्या ५ तारखेला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, निकाल यायचाय. आणीबाणीसाठी केलेल्या १९७७च्या कायद्याचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षाला संसदेला न विचारता शुल्क लावता येतं का, हा तिथला प्रश्न. बाहेरच्यांना विचारायची सवय मोडली की घरच्यांनाही विचारणं राहून जातं, असं मला ते वाचताना वाटलं.

पण आजोबांनी मार्केट यार्डातला कांदा आठवावा. ८ डिसेंबर २०२३ ला आपल्या सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती उठली मे २०२४ मध्ये. सोलापूर बाजार समितीत हंगामात कांद्याच्या गाड्यांची रांग कुठपर्यंत जाते ते तू पाहिलंयस. भाव कोसळला तो तिथे. आणि बंदराच्या पलीकडे? २०१९ मध्येही सप्टेंबरअखेर अशीच एका रात्रीत बंदी आली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत हसत हसत म्हणाल्या की मी आमच्या आचाऱ्याला स्वयंपाकात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. पुढे असंही म्हणाल्या की थोडं आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून आणला असता. बंदी घालायचीच नाही, असं त्या म्हणत नव्हत्या. आपल्या शहरातल्या माणसांना कांदा परवडला पाहिजे हे कुठल्याही सरकारला बघावंच लागतं. मागणी एवढीच होती की आधी सांगा. बांगलादेशाला आपण जबर बाजू. म्हणून आपल्याला ते हसण्यावारी नेता आलं.

तू आता म्हणशील, मग लिहिलेलं सगळं पाळायचंच का? नाही. याद्यांत हुंडाही लिहिला जायचा, कायद्यानं १९६१ पासून बंदी असूनही, आणि साक्षीला तीच चार प्रतिष्ठित मंडळी असायची. देशांच्या कागदांतही असा हुंडा असतो. १९६८चा अण्वस्त्रबंदी करार बघ: १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला त्यांनी बॉम्ब ठेवायचे, बाकीच्यांनी कधी करायचे नाहीत. भारतानं सही केली नाही, मला वाटतं बरोबर केलं. १९७४ आणि १९९८ ला पोखरणला आपण कुणाला विचारलं नाही. पण ही गोष्ट सगळे इथेच संपवतात आणि पुढचं सांगत नाहीत. अणुभट्ट्यांना इंधन लागतं आणि ते विकणारे देश गट करून बसलेले. पोखरणनंतर दहा वर्षं दारोदार बोलणी करून सप्टेंबर २००८ मध्ये त्या ४५ देशांच्या गटाकडून आपल्याला सूट मिळाली. तिथे नियम असा की एकही देश अडून बसला तर काम अडतं. न्यूझीलंड, ऑस्ट्रियासारख्या देशांची मनधरणी करावी लागली. एकट्यानं पाऊल टाकता येतं, कधी टाकावंही. त्यानंतर बैठकीला जावं लागतं ते मात्र चुकत नाही.

सर्वांत अवघड आता लिहिते, आणि याच्यावरून घरात वाद होणार. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यातली सहा महाराष्ट्रातली. दुसऱ्या दिवशी भारतानं सिंधू पाणीवाटप करार स्थगित केला. तो १९६० चा करार: रावी, बियास, सतलज आपल्या, आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानच्या. १९६५, १९७१, १९९९, तीन लढाया झाल्या तरी तो टिकला होता. त्यात एकट्यानं बाहेर पडायचं कलमच नाही. दोघांनी मिळून नवा करार करेपर्यंत जुना चालू, असं लिहिलंय. राग मला समजतो. त्या दिवशी मीही इथे बसून फोनवर तेच ते व्हिडिओ बघत होते. शिवाय दहशतवाद्यांना आसरा देणाऱ्यानं कराराचं पावित्र्य सांगावं, हे ऐकायला जड जातं.

तरी मला तो निर्णय पटलेला नाही, आणि कारण पाकिस्तान नाही, ब्रह्मपुत्रा आहे. सिंधूवर आपण वरच्या अंगाला आहोत आणि ब्रह्मपुत्रेवर खालच्या. याच जुलैत चीननं तिबेटात, नदी अरुणाचलात उतरते त्याच्या अलीकडे, जगातल्या सर्वांत मोठ्या ठरेल अशा जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केलं. चीनशी आपला पाणीवाटपाचा करार नाही. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय नद्यांच्या वापराचा मसुदा मताला आला तेव्हा १०३ देश बाजूनं होते. चीननं विरोधात मत दिलं आणि भारत तटस्थ राहिला. आज आसामसाठी आपल्याला नेमका तसा कागद हवा आहे. तू तर सोलापूरची. उजनीत पुण्याकडून काय वाहत येतं ते तुझ्या नळाला कळतं, आणि तिथून खाली भीमा कर्नाटकात जाते. वरचा आणि खालचा, दोन्ही आपणच.

मी राहते तिथून हेग आगगाडीनं अर्ध्या तासावर आहे. तिथल्या पीस पॅलेसमध्ये दोन वेगवेगळी न्यायपीठं बसतात. त्यातल्या लवाद न्यायालयाच्या आश्रयाखालच्या पीठानं या ऑगस्टमध्ये सिंधू कराराचा अर्थ लावला. हे पीठच बेकायदा नेमलंय, असं सांगून भारतानं तो निकाल फेटाळला. त्याच इमारतीत आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे. १७ जुलै २०१९ ला तिथे पंधरा विरुद्ध एक असा निकाल लागला की हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात असलेल्या कुलभूषण जाधवांना भारतीय अधिकाऱ्यांना भेटू न देऊन पाकिस्ताननं व्हिएन्ना करार मोडला, आणि शिक्षेचा फेरविचार झाला पाहिजे. पंधरात चिनी न्यायाधीशही होत्या. भारताचे वकील हरीश साळवे यांनी तो खटला एक रुपया घेऊन लढवला. जाधव अजून तुरुंगातच आहेत, न्यायालयाकडे पोलीस नाहीत. पण २०१७ मध्ये लष्करी कोर्टानं सुनावलेली फाशी थांबली ती त्या कागदामुळे. मग असं पीठ आपल्या विरुद्ध बोललं की काय करायचं, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

सिंधूचा भाग आजोबांना वाचून दाखव, आणि पाणी प्यायला देऊन मग दाखव. ते म्हणतील, तिकडे बसून तुला बोलायला काय जातंय. त्यात तथ्य आहे. पण ब्रह्मपुत्रेचं काय करायचं ते त्यांना विचार आणि त्यांचं उत्तर मला लिहून पाठव. फोनवर नको, फोनवर ते मला बोलू देत नाहीत.

प्राजूला सांग, डिसेंबरच्या रजेचा अर्ज दिलाय. साडीचा रंग तिनं ठरवावा, मी बाकी कुणाला विचारणार नाही.

तुझी,
आई