इंदूरला आईसाठी एजन्सीची बाई ठेवतोय, आधी काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की आईंना अर्धांगवायू झालाय, साखरही आहे, त्या इथे सुदामानगरात एकट्या आणि तुम्ही पुण्यात. एजन्सीवाला "चौबीस घंटे की ट्रेंड अटेंडंट" देतो म्हणतोय, विश्वास ठेवावा का? आम्ही रामबागेत राहतो. सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर होत्या, तेवढ्यात सात बायका येऊन गेल्या. त्यातून जे कळलं ते सांगते.

पहिली भीती सगळ्यांनाच चोरीची वाटते. आम्हीही कपाटाला कुलूप लावलं, आधारची झेरॉक्स घेतली, पोलीस थान्यात माहिती दिली आणि निर्धास्त झालो. हे सगळं तुम्हीही करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण आमच्या कपाटातलं काही गेलं नाही. सासूबाईंच्या माकडहाडावरची कातडी गेली.

खरी गोम त्या "चोवीस तासां"त आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. दिवसभर राबलेली बाई रात्री दोनला आणि परत चारला उठेल का? मी तरी उठले नसते. आमच्या तिसऱ्या बाईने यावर तोड काढली होती: झोपेच्या गोळ्या एकाऐवजी दोन. पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तेव्हा उमगलं. तिला त्याच दिवशी काढलं. नंतर कळलं, एजन्सी आमच्याकडून अठरा हजार घ्यायची आणि तिच्या हातावर दहा ठेवायची, सुट्टी एकही नाही. तिने केलं ते चूकच, पण तिला तसं जुंपलं आम्हीच होतं. तेव्हा बारा-बारा तासांच्या दोघी ठेवा. आमच्याकडे पुढे रात्र मी आणि हे वाटून घ्यायचो, तुमच्याकडे तीही सोय नाही.

"ट्रेंड" म्हणजे काय, ते स्पष्ट विचारा. जीएनएम हा नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स, एएनएम दोन वर्षांचा, आणि दोघींकडे नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. घरी येणाऱ्या बहुतेकींकडे यातलं काही नसतं. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं याला त्यावाचून अडतही नाही. आमची सगळ्यात चांगली बाई आठवी पास होती. पण इन्सुलिनला अडतं. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० वालीला केशरी टोपणाची. अदलाबदल झाली की डोस अडीचपट चुकतो. त्या सिरिंज एका खणात ठेवूच नका.

पहिल्या दिवशी तुमच्यासमोर कूस बदलायला सांगा. लुळ्या हाताला धरून ओढलं तर बाई शिकलेली नाही. तो खांदा निखळतो. अंग पुसताना माकडहाड, टाचा, ढुंगण रोज उजेडात बघायचं. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात. तिथे चोळायचं नाही, त्या बाजूवर भार येऊ द्यायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. आम्ही पावडर थापून चोळत बसलो होतो!

कॅमेरा माझ्या दिरांनी परदेशातून लावायला लावला. बाईला सांगून लावा, आणि कपडे बदलताना तो बंद राहील असं बघा. आईंचं उघडं अंग कुणाच्या फोनवर का दिसावं? त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, न सांगता, कुणी आपलं माणूस जाऊन पाठ बघून येऊ दे.

एक गोष्ट इथल्या मराठी घरांनाच लागू. आजारपणात म्हातारी माणसं हिंदी विसरतात. एकदा दुपारी आमच्याकडे कामाला असलेली सागर जिल्ह्याकडची मुलगी आली आणि म्हणाली, "दादीजी बोल रही हैं, कल कोई आने वाला है." सासूबाई सांगत होत्या, "कळ येतेय." लघवीची नळी तुंबली होती, पोट तट्ट फुगलेलं. त्या संध्याकाळी पलंगाजवळ कागद डकवला: कळ म्हणजे दर्द, तहान म्हणजे प्यास, उकडतंय म्हणजे गर्मी लग रही है, असे पंधरा-वीस शब्द.

कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या डिसेंबरात ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सुधारणेचं विधेयक लोकसभेत आलं होतं, त्यात घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांचाही विचार होता. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. म्हणून एजन्सीकडून लेखी घ्या: बाईचं नाव, पगार, सुट्टी, आणि न विचारता बदली पाठवणार नाही. मारहाण किंवा हेळसांड झाली तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, मोफत, सकाळी आठ ते रात्री आठ.

आणि अशा जखमा होऊ नयेत म्हणून पंपावर चालणारी हवेची गादी दवा बाजारात मिळेल, पण पंप तिथेच चालू करून आवाज ऐका. आमचा पहिला रात्रभर घरघरायचा, मग बाई तो बंद करून झोपायची.