मास्तरांची सही

"बरोबर काय ते कळतंय हो, पण तसं वागलं तर आपलंच माणूस दुखावतंय, मग करायचं काय?" मी गोव्यात समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच, कधी ऑफिसातल्या खोट्या बिलावरून, कधी सासूबाईंचा रिपोर्ट वाईट आलाय तो त्यांना सांगायचा की लपवायचा यावरून. एका ओळीत उत्तर देता आलं असतं तर केव्हाच दिलं असतं आणि दुकान बंद केलं असतं. त्यापेक्षा एक केस सांगते. ज्यांची आहे त्यांना विचारून सांगतेय, आणि ओळख लागेल असं जे जे होतं ते सगळं बदललंय, त्यामुळे फोंड्यातल्या मंडळींनी कोण असेल ते उगाच शोधत बसू नये.

आपण त्यांना मास्तर म्हणू. प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले, वयाची साठी ओलांडलेली. जून महिना, धो धो पाऊस, कदंबा बस पकडून आलेले, छत्री बाहेर ठेवली तरी धोतराचा काठ भिजलेला होता तो पिळत बसले थोडा वेळ. तक्रार काय तर झोप येत नाही. डॉक्टरनी बीपी शुगर सगळं बघितलं, सगळं नॉर्मल, म्हणून त्यांनीच इकडे पाठवलं. पाऊण तास आम्ही झोपेवरच बोललो. चहा किती, दुपारी लवंडता का, वगैरे. आणि उठून दारापर्यंत गेल्यावर मास्तर वळले नि म्हणाले, "बाई, एक सही करायची आहे. ती करू की नको, तेवढं सांगा."

आमच्या धंद्यात खरी गोष्ट नेहमी दारातच निघते. परत बसवलं त्यांना.

तर गोष्ट अशी. मास्तरांचा एक जिवलग मित्र, शेजारीच घर, लहानपणापासूनचा. त्याचे वडील गेल्या वर्षी वारले, आई आधीच गेलेली. मागे एक कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग, घर आणि रस्त्याला लागून थोडी काजूची जमीन. मित्राला ती काजूची जमीन विकायचीय, त्यासाठी नोटरीकडे सक्सेशन डीड करायचं, म्हणजे मयताचे वारस कोण ते लिहून घ्यायचं. त्यासाठी घरातली नसलेली, पण घर ओळखणारी तीन माणसं पाहिजेत, ज्यांनी सांगायचं की हो, एवढेच वारस, आणखी कोणी नाही. दोघं मिळालेत. तिसरे मास्तर, कारण मास्तरांच्या शब्दाला गावात वजन.

आणि आणखी कोणी नाही हेच खोटं. एक बहीण आहे. 19 वर्षांपूर्वी एका ख्रिश्चन मुलाशी रजिस्टर लग्न करून मडगावला गेली, त्या दिवसापासून घराला मेली. चवथीला, म्हणजे गणपतीला, बोलावणं नाही, आई गेली तेव्हा कळवलं ते पण दुसऱ्या दिवशी. ती मास्तरांची विद्यार्थिनी, चौथीपर्यंत त्यांनी शिकवलेली.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगते, नाहीतर यात एवढं काय ते कळणार नाही. आमच्याकडे वारशाचा कायदा पोर्तुगीजांच्या 1867 च्या सिव्हिल कोडमधून आलाय, 1961 नंतरही तो चालू राहिला, आणि आता वारसा नि इन्व्हेंटरीचा, म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या वाटणीचा, भाग 2012 च्या आपल्या कायद्यात आहे जो 2016 पासून लागू झाला. त्यात मुलगा-मुलगी सारखे. बापाने मृत्युपत्र केलं तरी अर्ध्यावरच त्याची मर्जी चालते, उरलेला अर्धा मुलांचा हक्काचा. लग्न कुणाशी केलं, कुठल्या धर्मात केलं, याचा काही संबंध नाही. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तिने स्वतः सही करून सोडायचा, नवऱ्याच्या संमतीने. ती नाहीच असं लिहून तो सोडवता येत नाही. मी वकील नाही, मास्तरांना पण पहिल्याच दिवशी सांगितलं की कायद्याचं वकिलाला विचारा, पण एवढं तर गोव्यात कुळागरवाल्या प्रत्येक घरात माहीत असतं.

मग अडलं कुठे? अडलं बांबोळीला. सहा वर्षांपूर्वी रात्री दीडला मास्तरांच्या बायकोच्या छातीत दुखायला लागलं, मुलगा बंगळूरला, तेव्हा हाच मित्र गाडी काढून त्यांना बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, गोमेकॉत, घेऊन गेला, तीन रात्री बाहेरच्या बाकावर झोपला, रक्त लागलं ते दिलं. "बाई, माझी बायको आज जिवंत आहे ती त्याच्यामुळे," मास्तर म्हणाले, "आणि तो सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागतोय."

मास्तर शिस्तीचे, त्यांनी घरी वहीत उभी रेघ मारून दोन रकाने केले होते, सही का करावी आणि का करू नये. दोन्हीकडे अकरा-अकरा मुद्दे. मला वही दाखवली तेव्हा हसू आलं, पण खरं सांगायचं तर असल्या याद्यांचा उपयोग मोटरसायकल कुठली घ्यायची ते ठरवायला होतो.

आता माझी चूक. दुसऱ्या भेटीत मी त्यांना सरळ म्हटलं, "पण सर, हे तर खोटं सांगणंच झालं, यात धर्मसंकट कसलं?" वाक्य बरोबर होतं, पण तोंड माझं नको होतं. मास्तर गप्प झाले, हो हो म्हणाले, आणि पुढच्या बुधवारी आलेच नाहीत. मला आतून कळत होतं की मी एवढी का तापले. 2009 साली भावाने सांगितलं म्हणून मी पण एका कागदावर सही करून माझा हक्क सोडलाय, न वाचता, लग्नाच्या घाईत. मास्तरांसमोर बसून मी माझ्याच भावाशी भांडत होते. आमच्यात सीनियरकडे जाऊन केस बोलायची पद्धत असते, मी गेले, त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तू नेमकी कुणाची केस चालवतेयस?" त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

मास्तरांना मी फोन केला. म्हटलं मागच्या वेळी मी घाई केली, माझं चुकलं, या परत. आले.

इथे एक फरक सांगते, उपयोगी पडेल. अँड्र्यू जेमटन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1984 मध्ये नर्सेसबद्दल लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. एक म्हणजे दोन्ही बाजू खरोखर बरोबर वाटतात आणि कुठली धरावी कळत नाही. दुसरी म्हणजे बरोबर काय ते पक्कं कळलंय, पण ते करताना हात बांधलेत, आणि म्हणून जीव घुसमटतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिलीची तक्रार घेऊन येतात आणि बसतात दुसरीत. मास्तर कशात होते? मला वाटत होतं दुसरीत, पण यावेळी मी तोंड मिटून बसले.

त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "मी देवाला कौल घेतला." गावच्या देवीला पाकळ्या लावल्या, सही करू का असं विचारलं, उजवी पडली तर करायची. उजवी पडली. भटजी म्हणाले झालं काम, देवीने सांगितलं. आणि मास्तरांनी काय केलं असेल? भटजींना म्हणाले, परत एकदा लावूया का? भटजी चिडले, असं करता येत नाही म्हणाले.

मी विचारलं, "उजवी पडली त्या क्षणाला पोटात काय झालं?"

बराच वेळ बोलले नाहीत. बाहेर म्युनिसिपालिटीची कचऱ्याची गाडी उभी होती ती गेली तरी बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाटलं, आता तीच परत येऊन उभी राहणार."

कोण ती? तर ती मुलगी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ती मास्तरांकडे आली होती. सर, बाबा तुमचं ऐकतील, एकदा बोला ना त्यांच्याशी. मास्तर म्हणाले, हो, बघतो, आत्ताच जातो. आणि गेले नाहीत. भीती वाटली, शेजार, गावची जत्रा जवळ आलेली, लोक काय म्हणतील. दुसऱ्या दिवशी ती निघून गेली. मग गावात तिच्याबद्दल नको नको ते बोललं गेलं, चहाच्या टपरीवर, देवळाच्या सभामंडपात, आणि मास्तर प्रत्येक ठिकाणी हजर आणि गप्प. ही गोष्ट त्यांनी बायकोला पण कधी सांगितली नव्हती.

म्हणजे झोप या सहीने उडाली नव्हती नुसती. ही सही त्या संध्याकाळवर जाऊन बसत होती.

मी एक रिकामी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. लोकांना हे नाटक वाटतं, मास्तरांना पण वाटलं, म्हणाले बाई मी नटमंडळी नाही. म्हटलं बोलू नका, फक्त ती बसलीय असं समजा नि बघा. पाच मिनिटं बघत राहिले खुर्चीकडे. मग तिला नाही, मलाच म्हणाले, "तिला दोन वेण्या असायच्या."

पुढच्या भेटीत आम्ही उपकारावर आलो. मी विचारलं, त्या रात्री मित्राने गाडी काढली तेव्हा तुम्ही काही लिहून दिलं होतं का? हसले. मग म्हटलं, मित्रासाठी तुम्ही काय काय कराल, सांगत जा. पैसे देईन. तो आजारी पडला तर बांबोळीला तीन काय तीस रात्री झोपीन. त्याच्या मुलाच्या नोकरीसाठी पर्वरीला सचिवालयात दहा खेपा घालीन. सांगता सांगता मास्तर थांबले आणि म्हणाले, "बाई, हे सगळं माझ्या खिशातून जातं. सही तेवढी तिच्या खिशातून जाते."

हे वाक्य मी शिकवलेलं नाही. मी फक्त कॉपी करून ठेवलं.

नाही म्हणायचं ठरलं तरी म्हणायचं कसं यावर दोन भेटी गेल्या. त्यांचं पहिलं भाषण दहा मिनिटांचं होतं, कायदा, कलम, पाप-पुण्य सगळं त्यात. ते कापत कापत आम्ही एवढ्यावर आलो: तुझ्यासाठी काहीही करीन, पण ती नाही असं मी नाही सांगू शकत, मी तिला शिकवलंय. घरी ते कोकणीतच बोलणार, म्हणून कोकणीत पण म्हणून बघितलं, शेवट "म्हाका तें जमचें ना" असा. लहान वाक्याला समोरचा फाटे फोडू शकत नाही, हा माझा अनुभव.

मित्राने ऐकलं आणि म्हणाला, "बांबोळेची रात विसरलो मरे तूं?" एवढंच. त्यानंतर बोलणं बंद. आणि मास्तरांच्या घरात पण वादळ, कारण बायकोचा जीव त्या मित्राने वाचवलेला, तिला वाटलं नवऱ्याने आपली लाज घालवली. चार दिवस तिने नुसतं ताट वाढलं. पाचव्या दिवशी मास्तरांनी तिला त्या संध्याकाळची गोष्ट सांगितली, मग ती पण रडली. पण मित्राकडे जाऊन ये, हे ती अजून म्हणते.

इथे केस संपेल असं मला वाटलं होतं. मास्तर म्हणाले, मी सही केली नाही, पण उद्या चौथा कोणीतरी करेल, मग माझं न करणं काय कामाचं? तिला सांगू का? हे खरंच अवघड होतं, यावेळी मला स्वतःलाही उत्तर माहीत नव्हतं. मी एकच विचारत राहिले, फोन कशासाठी करताय, तिच्यासाठी की आपलं ओझं उतरवायला? मास्तर प्रामाणिक माणूस, म्हणाले दोन्ही. ठीक आहे म्हटलं, मग दोन्ही एकाच फोनमध्ये कोंबू नका. आणि पाठीमागून काही नको. त्यांनी आधी मित्राच्या दारात उभं राहून सांगितलं की मी तिला फोन करणार आहे, मग केला.

पहिल्या फोनमध्ये फक्त ती संध्याकाळ. सांगितलं की मी गेलो नव्हतो. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे सर. मी वळणावर उभी राहून बघत होते. तुमची स्कूटर हललीच नाही."

हे सांगताना मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नंतर तो तिथेच विसरून निघाले, मला जिन्यात धावत जाऊन द्यावा लागला.

जमिनीचं दुसऱ्या फोनमध्ये सांगितलं, आठवड्याने. बायकांना कोर्टाच्या कामात सरकारी विधी सेवेकडून फुकट वकील मिळू शकतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, एवढी माहिती मी मास्तरांना दिली होती, ती त्यांनी तिला दिली. ती म्हणाली, बघते, नवऱ्याशी बोलते. पुढे तिने काय केलं ते मास्तरांनी विचारलं नाही, मी पण नाही. मित्राच्या वकिलालाच कुठूनतरी बहिणीचं कळलं, तिला घेतल्याशिवाय मी कागद पुढे नेणार नाही म्हणाला, त्यामुळे सध्या तरी सगळं अडकलंय. यासाठी मित्र मास्तरांनाच जबाबदार धरतो.

चवथ झाल्यावर मास्तर शेवटचे आले. दरवर्षी मित्राकडची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायला हेच जायचे, रानातून कांगलां ही रानफळं आणणं हे यांचं काम, चाळीस वर्षांचं. यंदा बोलावणं आलं नाही. तरी ते रानात गेले होते, सवयीने, आणि पिशवी भरल्यावर लक्षात आलं. मग स्वतःच्याच माटोळीला सगळं बांधलं, म्हणाले एवढी गच्च झाली की काठी वाकली.

झोप कशी आहे विचारलं. "लागते. पहाटे चारला जाग येते, पण ते वयामुळे असेल."

ते गेल्यावर त्या रात्री मी कपाटातली फाईल काढली आणि 2009 चा माझा कागद पहिल्यांदा वाचला. चार पानं आहेत. शेवटच्या पानावरची सही माझीच आहे, घाईत थोडी वाकडी आलेली. भावाला अजून काही बोलले नाहीये.