वडिलांची जुनी पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे, सुरुवात रंगापासून करावी का?

आपण लिहिले आहे की वडिलांची १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी कित्येक वर्षे शेडमध्ये उभी आहे, ओळखीचा पेंटर ती महिन्याभरात नवीकोरी करून देतो म्हणतो, इंजिनाचे पुढे बघता येईल असे घरच्यांचे मत आहे, आणि एकूण खर्चाचा अंदाज आपल्याला हवा आहे. रंगापासून सुरुवात मुळीच करू नका. हाच वाद आमच्या घरी माझ्यात आणि माझ्या दाजींमध्ये झाला होता, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमची गाडीही त्याच सुमाराची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आणि कोल्हापूरच्या पावसात वाढलेली. भाचीच्या लग्नात नवरा-नवरी त्याच गाडीतून निघावीत अशी दाजींची हौस होती. "आधी रंग मारून घ्या, गाडी चकाचक दिसली की बाकीचं होतंय हळूहळू," हे त्यांचे म्हणणे. त्यांनी ठरवलेल्या गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारून पत्रा एक नंबर असल्याचा निर्वाळाही देऊन टाकला. मी दोन्ही सीट बाहेर काढल्या, रबरी मॅट उचलली आणि तिच्याखालचा डांबरी नमदा पटाशीने खरवडला. ड्रायव्हरच्या टाचेखालची जागा वरून काळीभोर आणि घट्ट दिसत होती. तिथे स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवून दाबला, तर तो मुठीपर्यंत खाली गेला आणि भोकातून शेडची फरशी दिसली. दारांखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पेट्यांवर हातोडीने टकटक केले, तेव्हा आवाज खणखणीत येण्याऐवजी बद्द आला आणि आतून गंजाच्या खपल्या पसाभर गळाल्या. बाहेरून या पेट्या गुळगुळीत होत्या, कारण पूर्वी कोणीतरी त्यांवर बोटभर जाड लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून वर रंग मारला होता.

हे एवढे महत्त्वाचे अशासाठी की या गाडीला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालची लोखंडी चौकट, नाही. तळाचा पत्रा आणि त्या पेट्या हाच तिचा सांगाडा आहे. तो कुजला असेल तर वरचा रंग कितीही उंची असो, दारे लोंबू लागतात आणि चाकांचे अलाइनमेंट टिकत नाही. म्हणून आधी कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावा, तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) वेल्डिंगने जोडावा आणि पेट्यांच्या आत गंजरोधक मेण मारून घ्यावे. वेल्डिंगऐवजी पॉप रिव्हेटने (पत्रे जोडायच्या पोकळ खिळ्यांनी) ठिगळ मारून वर लांबी फासणाऱ्या कारागिराला नमस्कार करून परत पाठवावे. पेट्या कापताना गाडी खालून चारी बाजूंनी नीट टेकवलेली असावी आणि दारे जागेवरच ठेवावीत. दारांच्या फटी बदलल्या की बॉडी वाकते आहे हे लगेच कळते.

दाजींनी मात्र त्याच वर्षी स्वतःची फियाट त्याच गॅरेजमध्ये चेरी रंगात रंगवून घेतली. पुढच्या पावसाळ्यात दारांखाली रंगाला फोड आले. ते अजूनही पेंटच खराब होता असे सांगतात.

इंजिनाबाबत त्यांची दुसरी सूचना होती की जुने काढून मारुतीचे बसवावे. हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. १०८९ सीसीचे ते इंजिन साधे आणि सोशिक आहे, आणि आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग व क्रँक ग्राइंडिंग (इंजिनाचे झिजलेले भाग मशीनवर घासून नीट करणे) करणारे कारागीर ते डोळे झाकून उघडतात. शिवाय पन्नास वर्षांपुढील गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीची सोय झाली आहे; तिच्यात मूळ इंजिन आणि बॉडीत मोठे फेरफार केलेली गाडी बसत नाही, आणि आपली गाडी तर पन्नाशीची आहे. इतकी वर्षे थांबलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मात्र मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे, मग टॉप गिअरमध्ये टाकून गाडी हाताने ढकलत इंजिन फिरते का ते पाहावे. इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, ॲल्युमिनियमचे आहे. ते पूर्वी तापून वाकले असल्यास फेसिंग करून (मशीनवर सपाट करून) घेतल्याशिवाय त्याखालचे नवे गॅस्केट टिकणार नाही.

ब्रेकची सगळी रबरे आणि होज न बघता बदला. चारही चाकांना एकच लाइन आहे, एका ठिकाणी गळती झाली की पेडल थेट फ्लोअरला टेकते. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्या, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये जुने रबर फुगते. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली, त्यामुळे टॅक्सीच्या जोरावर चालणारा सुट्या भागांचा धंदा आता आटत जाणार. काचा, दिवे, क्रोमच्या पट्ट्या दिसतील तेव्हा घेऊन ठेवा.

खर्चाचा आकडा मी देत नाही, आणि तळ उघडून न पाहता जो देईल त्याच्यावर विसंबू नका. पत्रेकाम उक्ते देऊ नका, कारण उक्त्या कामात कुजका पत्रा झाकण्यातच कारागिराचा फायदा असतो. एकेका भागाची मजुरी ठरवावी आणि लांबी लागण्यापूर्वी उघडे वेल्डिंग डोळ्यांनी पाहूनच पैसे द्यावेत.

हे खरे तर आधी लिहायला हवे होते: गाडी मराठवाड्यासारख्या कोरड्या हवेत उभी असेल तर तळ शाबूत असण्याची बरीच शक्यता आहे, तेव्हा मी म्हणतो म्हणून पत्रा कापायला लावू नका, आधी स्क्रूड्रायव्हर लावून पाहा. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर ठेवावी आणि बॅटरी सोडवावी. आणि या सगळ्याच्याही आधी आरसी पुस्तकावरील इंजिन व चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून बघा; ते जुळत नसतील तर आरटीओतील काम मार्गी लागेपर्यंत पत्र्याला हात लावू नका.