बालीला जाताना दीड लाख एकाच पाकिटात नकोत

नाशिकच्या एका वाचक ताईंचा प्रश्न: पती, त्या आणि नऊ वर्षांची मुलगी सात रात्रींसाठी बालीला निघालेत. विमान आणि हॉटेलचे पैसे भरून झालेत, वरखर्चाला दीड लाख बाजूला काढलेत. पती म्हणतात, सगळे डॉलर नोटांमध्येच नेऊ, कार्डाला कमिशन कशाला द्यायचं? एजंट म्हणतो, सगळे फॉरेक्स कार्डात, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डात, भरा; दर आत्ताच पक्का होतो. ताईंना दोन्हींची धाकधूक वाटते.

ताई, तुमची धाकधूक रास्त आहे. तरी पतींचा हिशेब अगदीच चुकीचा नाही, म्हणून आधी तोच मांडते. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परदेशातल्या खर्चाला 3.5 टक्के मार्कअप (चलन बदलून देण्याचा बँकेचा अधिभार) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण 4.13 टक्के. दीड लाखावर साधारण 6,200 रुपये झाले. पण नोटा नेल्या म्हणून हे सगळे वाचत नाहीत. इथे डॉलर घेताना आणि तिथे त्यांचे रुपिया (इंडोनेशियाचं चलन) करताना, दोन्हीकडे बदलून देणारा आपला वाटा काढून घेतोच. उरलेल्या बचतीसाठी अख्खे दीड लाख पाउचमध्ये घालून किनाऱ्यावर फिरणं मला पटत नाही. हरवलेलं कार्ड ब्लॉक करता येतं, नोट नाही. आणि प्रवास विमा रोख रक्कम बहुधा भरून देत नाही, दिली तरी तुटपुंजी.

एजंटाच्या सल्ल्यातली मेख वेगळी आहे. ‘दर आत्ताच पक्का होतो’ हे डॉलरपुरतं खरं. बालीत व्यवहार रुपियात होतात आणि आपल्याकडच्या बहुतेक फॉरेक्स कार्डांत रुपिया भरताच येत नाही. डॉलरचं कार्ड रुपियात वापरलं की अनेक बँका पुन्हा मार्कअप लावतात. अमेरिकेला निघाला असतात तर मीही तेच कार्ड घ्या म्हटलं असतं.

मी अशी विभागणी करेन. 500 डॉलर नोटांमध्ये घ्या, म्हणजे आजच्या भावाने पंचेचाळीस हजारांच्या आसपास. साधारण तेवढीच रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवा आणि त्याच खात्याचं डेबिट कार्ड न्या; पगाराच्या किंवा एफडीशी जोडलेल्या खात्याचं नको. बालीत एटीएमवर कार्डाची माहिती चोरण्याचे प्रकार होतात. तसं झालंच, तर नुकसान त्या खात्यातल्या शिलकीपुरतंच राहील. उरलेले साठेक हजार इथेच ठेवा आणि हॉटेल-रेस्टॉरंटची बिलं क्रेडिट कार्डाने द्या. डेबिट आणि क्रेडिट कार्ड वेगवेगळ्या बँकांची असावीत. एक तुमच्याकडे, दुसरं पतींकडे.

डॉलर बँकेतून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडूनच घ्या आणि पावती जपा. ओळखीतल्या कुणाकडून ‘स्वस्तात’ घेऊ नका, ते बेकायदेशीर आहे. शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा मागा. डाग पडलेल्या किंवा लहान नोटांना बालीत कमी दर मिळतो, कधी त्या घेतच नाहीत.

खरी सावधगिरी हवी ती बालीतल्या कुटा, लेगियान, सेमिन्याक या भागांच्या गल्ल्यांतल्या मनी चेंजरकडे. फळ्यावरचा दर इतरांपेक्षा ठळकपणे चांगला दिसला की समजा, मोजताना हातचलाखी होणार. तुमच्यादेखत गठ्ठा मोजतात, मग ‘पुन्हा मोजतो’ म्हणत काही नोटा काउंटरमागे सोडतात. लाखाची एक नोट म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशे रुपये. इतक्या शून्यांत आपलीही मोजणी चुकते. बँक इंडोनेशियाचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, परवाना दर्शनी लावलेल्या, काचेआडच्या दुकानातच जा. शेवटची मोजणी तुमच्या हातची असू द्या आणि त्यानंतर गठ्ठा पुन्हा त्यांच्या हाती देऊ नका.

एटीएम बँकेच्या शाखेतलंच वापरा. तिथली अनेक यंत्रं आधी पैसे देतात, कार्ड नंतर. नोटा हाती पडल्या की लोक कार्ड विसरून निघतात. पडद्यावर आपल्या भारतीय रुपयांत रक्कम दाखवून ‘रूपांतर मान्य आहे का’ असं विचारलं, तर नकार द्या. दुकानात कार्ड घासतानाही रुपियाच निवडा, कारण रूपांतराचा त्यांचा दर महाग पडतो. क्रेडिट कार्डाने मात्र रोख काढू नका, व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं.

व्हिसाचे प्रत्येकी 5 लाख आणि फेब्रुवारी 2024 पासून लागू झालेल्या पर्यटक शुल्काचे प्रत्येकी दीड लाख रुपिया घरूनच ऑनलाइन भरा. तिघांचे मिळून साडेएकोणीस लाख रुपिया होतात. मग उतरल्या उतरल्या विमानतळावर मिळेल त्या दराने पैसे बदलायची वेळ येणार नाही.

किनाऱ्यावर फक्त त्या दिवसापुरते रुपिया न्या. पासपोर्ट, डॉलर आणि एक कार्ड खोलीतल्या लॉकरमध्ये राहू द्या. लॉकरचा आकडा मुलीची जन्मतारीख नको. स्कूटरवर पर्स खांद्याला लटकवू नका, रस्त्याच्या कडेला फोन हातात धरू नका; तिथे हिसकाहिसकी होते. तिघंही एकदम पाण्यात उतरू नका.

निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करून मर्यादा घाला. तो आपण सुरू केल्याशिवाय चालत नाही. इंटरनेटसाठी तिथलं सिम घ्या, पण आपलं सिम रोमिंगसह चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही. बँकांचे परदेशातून लागणारे हेल्पलाइन क्रमांक कागदावर लिहून दोघांनी वेगवेगळे ठेवा. फोनच गेला तर त्यातल्या यादीचा काय उपयोग? यूपीआय श्रीलंकेत आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालं, पण बालीत त्यावर भिस्त ठेवू नका.

परतताना उरलेले रुपिया बालीच्या डेनपसार विमानतळावरच मोडा, नाशिकमध्ये ते सहजी कुणी घेणार नाही. डॉलर उरले तर घाई नाही: 2,000 डॉलरपर्यंत नोटा पुढच्या प्रवासासाठी घरात ठेवायला परवानगी आहे.